नाव कमी करण्याचे कारण

सेनगाव
८ फेब्रुवारी २०२६

ताई,

वर आधी 'साष्टांग नमस्कार' लिहिलं होतं, मग खोडलं. तू म्हणशील, सव्वा वर्ष तोंड फिरवून बसला अन् आता नमस्कार घालून राहिला. म्हणून नुसतं ताई. दिवसभर दुकानात मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतो, 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत हात आपोआप चालतो. सख्ख्या बहिणीला काय लिहावं म्हणून मात्र तीन कागद फाडले. फोन लावला असता, पण तू नंबर ब्लॉक केलास. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर आवाज ओळखून ठेवून देशील, हेही मला ठाऊक आहे.

चिठ्ठी रामजीच्या हाती देतो. आपल्या गावचाच, सध्या वसमत गाडीवर कंडक्टर आहे, घरी आणून देईल. सोबत तीन हजार आहेत, तुझ्या सोनेतारणाच्या व्याजाला. मोजून घे.

नांदेडच्या दवाखान्याचं सांगतो. मायच्या हृदयात दोन स्टेंट बसले, बिल झालं दोन लाख बासष्ट हजार. त्यातले एक लाख दहा तू एकदाणी अन् पाटल्या गहाण ठेवून भरलेस. चाळीस दाजींनी मोंढ्यातल्या अडत्याकडून उचल घेतली. पन्नास मी तुझ्या भावजयीच्या, पुनमच्या बचत गटातून काढले. राहिलेल्या बासष्टासाठी मी चेक लिहून ठेवला तेव्हा त्यांनी मायला सोडलं. तू तेव्हा गाडीपाशी उभी होतीस, माझ्याकडं पाठ करून.

गेल्या सोमवारी मी परत गेलो. बिलाच्या खिडकीवरच्या माणसाला म्हणलं, "साहेब, मला एकेका वस्तूचं बिल पाहिजे." तो म्हणे, "आधी भरा, मग देतो." मी म्हणलं, "आधी द्या, मग भरतो." अर्धा तास आमचं असंच चाललं. मग मी तिथंच उभ्या उभ्या अर्ज लिहिला, विषय, संदर्भ सगळं टाकून, अन् त्याची पोच मागितली. पोच मागितली की कुठलाही साहेब सरळ होतो, एवढं मला दुकानानं शिकवलं. सतरा पानं निघाली. माय आयसीयूत चार दिवस होती, लावलेले पाच. हातमोजे एकशे चाळीस जोड. मी विचारलं, "एवढे मोजे कुणी घातले हो?" तो हसला नाही, पण आत घेऊन गेला. आतल्या मॅनेजरनं आधी पाच हजार कमी केले, मग चहा सांगितला, मग मोठ्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टरांनी स्वतःची फी सोडली. शेवटी बासष्टाचे अडतीस झाले, चार महिन्यांत चार हप्ते, बिनव्याजी. लेखी घेतलंय.

खरं म्हणजे यातला एक पैसा लागायला नको होता. माय सरकारी योजनेत बसली असती तर सगळं फुकटात झालं असतं. खिडकीवरच्या पोरीनं मायचं आधार टाकलं अन् म्हणाली, "आजींचं नाव कुठल्याच रेशन कार्डावर नाही." आता नाव कसं गळालं म्हणशील, तर हा ऑनलाइनचा कारभारच तसा. लोकांची नावं इकडची तिकडं होतात. माझ्याकडं रोज दोन-चार जण रडत येतात. नव्यानं नाव घालायचं तर महिना लागतो, अन् डॉक्टरांनी मायला उद्यापर्यंतचा वेळ दिला होता. यात कुणाला बोल लावणार.

मायच्या गोळ्या वेळेवर दे. तू देतच असशील.

भागवत


सेनगाव
१५ मार्च २०२६

ताई,

तीन हजार तू परत केले नाहीस, एवढ्यावर मी महिना काढला. रामजीला खोदून खोदून विचारलं, "काय म्हणाली?" तो म्हणे, "काही न्हाई. घेतले, दार लावलं."

यावेळी दोनच आहेत. माझीही गत ऐक. हप्त्यांची रांग लागली अन् कुणाला पुढं घ्यायचं, कुणाला मागं, यातच माझं डोकं जातं. पहिला गटाचा, कारण तो चुकला की गटाच्या बाया दारात येऊन बसतात. एकीचं राहिलं की बाकीच्या नऊजणींना भरावं लागतं, मग त्या बसतील नाही तर काय करतील. गेल्या महिन्यात दोन दिवस उशीर झाला तर पुनम मागच्या दारानं पाण्याला गेली. दुसरं तुझं सोनं, कारण त्याचं व्याज चढतं. मग झेरॉक्स मशीनचा हप्ता. दवाखाना शेवटी. मॅनेजरला फोन करून दहा दिवस मागून घेतले. म्हणे, "भागवतराव, तुमी अर्ज नका करू, फोनवरच सांगत जा." मोटरसायकल विकली, एकतीस हजारांना. आता जीपनं जातो-येतो. हे तुला माझी कीव यावी म्हणून सांगून राहिलो. खोटं काहून बोलू.

मोटरसायकल गेल्यापासून जीपची वाट बघत फाट्यावर अर्धा-अर्धा तास उभा राहतो, अन् ती भाऊबीज आठवते. दीड वर्षापूर्वीची. तू कोमलच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला साठ हजार मागितलेस. उसने मागितलेस, फुकट नाही. रस्त्याकडेचा प्लॉट विकून माझ्या हातात तेव्हाच पैसे आले होते, हे तुला कुणीतरी सांगितलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणलं, "तू हक्कसोड लिहून दिलीस, आता कशाचे पैसे?" ताई, बाप गेल्यावर तू त्या हक्कसोडीवर सही केलीस तेव्हा रजिस्ट्री ऑफिसातल्या माणसानं तुला विचारलं होतं, "बाई, मोबदला काय घेतला?" तू हसून म्हणालीस, "माहेर." मी तिथंच शेजारी उभा होतो. अन् पाच वर्षांनी ओवाळणीच्या ताटासमोर मी असं बोललो. भाची दारात उभी होती. तिनं काय ऐकलं असेल याचा मी अजून विचार करतो.

तू ताट तसंच ठेवून उठलीस. मायनं पिशवी भरली अन् तुझ्यामागं गाडीत जाऊन बसली. मी फाट्यापर्यंत आलो होतो. तुला दिसलो नसेन, पानटपरीच्या मागं होतो.

माय मला फोन करते, तुला ठाऊक असेलच. तू अंगणात गेलीस की लावते. काल दाजींवर चिडून म्हणाली, "विश्वंभरनं तुझ्या कार्डातून माझं नाव कमी करून आणलं अन् त्याच्यात घालायचं राहून दिलं. कमलनं तीनदा सांगितलं व्हतं त्याला. त्याच्या आळसापायी माझ्या लेकीचं सोनं गेलं." तू पण हेच म्हणतेस, असं म्हणाली. दाजींशी तुझं बोलणं बंद आहे, असंही म्हणाली.

मी म्हणलं, "जाऊ दे माय."

भागवत


सेनगाव
१९ एप्रिल २०२६

ताई,

गुरुवारी दाजी दुकानात आले. वसमतहून इतक्या दूर, अन् तेही मोंढ्यात हळद उतरायच्या दिवसांत. माणूस एका दिवसाची मजुरी सोडत नाही, म्हणून मला बघताच धस्स झालं. कॉलर पिवळी, कान पिवळे. बसा म्हणलं तर बाकावर बसले, गिऱ्हाइकासारखे.

म्हणाले, "बारा दिस झाले, गोदामात पोत्यावर झोपून राहिलो. तुमच्या बहिणीनं घराबाहेर काढलं न्हाई, मीच आलो निघून. घरात गेलं की दोघी गप होतात. भिंतीशी किती बोलावं माणसानं?"

मी म्हणलं, "माझ्याकडं काय काम काढलं?"

"कम्प्युटरात दिसतं म्हणतात, कार्डातलं नाव कुणी कमी केलं अन् कवा केलं. तेवढा कागद काढून द्या. मी एकदाच गेलतो तहसीलला. तिथं म्हणले, आदी भावाच्या कार्डातून कमी करून आणा, मग इथं घालू. तुमच्याकडं यायची माझी छाती झाली न्हाई. आदीच दोघा बहीणभावात वाकडं, त्यात मी कुठं मायचं नाव काढायला सांगू? म्हणून राहिलं. एवढाच माझा गुन्हा. कमी काही मी केलं न्हाई. तो कागद दाखवला म्हणजे तिला पटंल."

मी म्हणलं, सर्व्हर डाऊन आहे.

ते म्हणाले, "थांबतो." अन् दोन तास थांबले. त्या दोन तासांत मी त्यांच्यासमोर सहा जणांचे अर्ज भरले. एका म्हातारीचं नाव सुनेच्या कार्डात घातलं, तिनं मला आशीर्वाद दिला. दाजी बघत होते. शेवटी उठले अन् म्हणाले, "सर्व्हर माझ्यापुरताच डाऊन दिसतो." रागानं नाही म्हणाले. मग खिशातून कोमलच्या फीची पावती काढली, तिची झेरॉक्स मारून घेतली, मी नको नको म्हणत असताना पैसे काउंटरवर ठेवले. जाताना एवढंच बोलले, "मी आलतो म्हणून तिला सांगू नका."

त्यांच्या मागं धावत जायला पाहिजे होतं. मी पुढच्या माणसाला म्हणलं, "आधार दाखवा."

(ही चिठ्ठी रामजीला दिली नाही.)


सेनगाव
१७ मे २०२६

ताई,

सोबत एप्रिलची चिठ्ठी आहे, न दिलेली. ती आधी वाच. अन् एक छापील कागद आहे, तो शेवटी बघ.

आजपासून धोंड्याचा महिना लागला. सकाळी मायचा फोन आला. म्हणाली, "लोकाच्या घरी जावयाला धोंडे जेवू घालतील, कपडे करतील. मी या जावयाला एक अनारसा देणार न्हाई. त्यानं मला मरायला टेकवलं व्हतं." मायच्या तोंडून असं मी आजवर ऐकलं नव्हतं. दाजी घरी आले का विचारलं, तर म्हणाली, "गोदामातच बरा हाय."

ताई, नाव मी कमी केलं.

२२ नोव्हेंबर २०२४, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी, माझ्या लॉगिनवरून, माझ्या हातानं. भाऊबीजेला तीन आठवडे झाले नव्हते. दुकानात कुणी नव्हतं, पुनमनं दिलेला डबा समोर उघडा होता. सर्व्हरनं केलं नाही, तहसीलनं केलं नाही, अन् दाजींनी तर नाहीच नाही. त्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, नाव कमी करण्याचे कारण. त्यात निवडायचं असतं. मृत्यू, विवाह, स्थलांतर. मृत्यू सगळ्यात वर आहे. मी घाईघाईनं खाली आलो अन् स्थलांतर निवडलं. त्याच्यावर बोट ठेवताना मला वाटलं, बरी जिरवली.

तुमची जिरवायची होती म्हणून केलं, हे खरं आहे. पण दुसरंही एक खरं आहे, ते कुणापाशी बोललो नाही, पुनमपाशी पण नाही. मला वाटलं, आज ना उद्या मायला कार्डाचं काम पडेल. मग तुम्ही दोघी माझ्याकडंच याल, दुसरीकडं कुठं जाल. मी मायला खुर्ची देईन, तुला चहा सांगेन, अन् पाच मिनिटांत नाव घालायचा अर्ज भरून देईन. काम पडल्याशिवाय माझ्या दारात कुणी येत नाही, त्याची मला सवय झाली होती. महिना वाट बघितली, दोन महिने बघितली. मग विसरलो. शपथेवर सांगतो, विसरलो. रोज लोकांची नावं घालतो-काढतो, त्यात आपल्याच मायचं काढलंय हे डोक्यातून गेलं.

ते आठवलं नांदेडला, योजनेच्या खिडकीवर. तू त्या पोरीशी भांडत होतीस. "अशी कशी नाही? माझी माय काय आभाळातून पडली?" म्हणत होतीस. अन् मी तुझ्या मागून म्हणत होतो, "मॅडम, नीट बघा, परत एकदा टाका." दोनदा म्हणलं. तेव्हा सांगितलं असतं तरी पैसे वाचले नसते. पण दाजी वाचले असते. तू गळ्यातली एकदाणी काढून कोमलच्या हातात दिलीस, ते मी बघितलं अन् बाहेर जाऊन बिडी ओढली.

दवाखान्याशी मी एवढा भांडलो, एकेका हातमोज्याचा हिशोब मागितला, तो कशाच्या जोरावर? त्यांनी एक दिवस जास्त लावला होता. मी सगळंच बिल तुमच्या गळ्यात घातलं.

सोबतच्या कागदावर तारीख, वेळ अन् माझं नाव आहे. दाजींना दाखव. त्यांना घरी बोलाव, आजच्या आज बोलाव. तुझं सोनं मी सोडवणार, त्याची व्याजासकट जबाबदारी माझी, तसं मागच्या बाजूला लिहून सही केली आहे. मायला मात्र सांगू नको. तिच्या छातीला झेपणार नाही.

भागवत

ता.क. शेवटचं वाक्य लिहून परत वाचलं. मायच्या छातीचं मी नुसतं नाव पुढं केलंय. मला भीती माझीच आहे.


सेनगाव
७ जून २०२६

ताई,

दवाखान्याचा चौथा हप्ता भरला, चेक परत आणला. मॅनेजर म्हणे, "तुमच्यासारखं गिऱ्हाईक पुन्हा नको." तुझ्या सोन्याला या महिन्यापासून पाच हजार देत जाईन. झेरॉक्स मशीनवाल्याकडं मुदत वाढवून मागितली, सहा महिने मिळाले. गटाचे हप्ते डिसेंबरात संपतात, मग तुझा आकडा दुप्पट करीन. तोंडी म्हणत नाही, सोबत कागद आहे.

हे सगळं गेल्या रविवारी तुझ्या घरीच सांगितलं असतं, पण तू एक शब्द बोलली नाहीस. तुझी चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. दीड वर्षात तू मला पाठवलेलं एकच वाक्य, 'हाच कागद मायसमोर येऊन वाच.' तू लिहिलं नसतंस तर मी आलो नसतो. मला माझी चांगली ओळख झाली आहे.

वाटेत जवळा बाजारला गाडी अर्धा तास थांबली. उतरून परत जावं असं दोनदा वाटलं. रामजी गाडीवर होता, त्यानं माझं तिकीट फाडलं अन् म्हणाला, "या टायमाला चिठ्ठी न्हाई?" मी म्हणलं, "आज मीच चिठ्ठी."

दार तू उघडलंस अन् आत गेलीस. दाजी भिंतीला टेकून बसले होते, ते घरी आहेत हे बघून माझा अर्धा जीव भांड्यात पडला. बाहेरच्या खोलीत जे झालं ते तुला ऐकू आलं असेल, दिसलं नसेल. ते सांगायला हे लिहून राहिलो.

मी माझी गेल्या महिन्याची चिठ्ठी उभा राहून वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बिडी ओढली ते पण वाचलं. माय पलंगावर पाय सोडून बसली होती. मध्ये एकदाच बोलली. "मरण, लगीन अन् ते तिसरं काय?"

"स्थलांतर."

"म्हंजी?"

"गाव सोडून गेली."

"बरं," म्हणाली. "पुढं वाच."

वाचून झालं. मला वाटलं मारील, किंवा रडेल. मी तयारीनं आलो होतो, खिशात तिच्या गोळीची एक पट्टी ठेवली होती. माय उठली. दाजी म्हणाले, "मामी, बसा, काय पाहिजे ते सांगा." ती सावकाश खाली बसली, दोन्ही हात टेकले अन् दाजींच्या पायावर डोकं ठेवलं. दाजी चटका बसल्यागत मागं सरकले. "मामी, असं नका करू, पाप लागंल मला." माय म्हणाली, "धोंड्याचा महिना हाय. जावयाच्या पाया पडावं लागतं. अन् म्या तुमाला लई बोलले." दाजींनी तिला धरून उठवलं. मला वाटलं, आता माझ्याकडं बघेल. मी तिथंच होतो, दोन हातांवर.

तिनं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी तिथंच बसलो असतो, तिच्या पायाशी, दिवसभर. राग तिच्या डोळ्यांत नव्हता. तिनं मला विचारलं, "गाडी कितीला हाय?"

म्हणलं, "साडेतीनला."

"मग जेवून जाय. कमल टाकती भाकर."

तू ताट आणून ठेवलंस. मी जेवलो. दाजींनी मला वाढलं, लोणचं पाहिजे का विचारलं. त्या माणसाला मी दोन तास बाकावर बसवलं होतं. निघताना मायच्या पाया पडलो. तिनं पाठीवर हात ठेवला नाही, पण पाय मागं घेतले नाहीत. मग पलंगाखालची पेटी ओढली. पेटीतून एक नवा टॉवेल अन् टोपी काढली, माझ्या हातावर ठेवली, अन् टोपीवर थोडं कुंकू लावलं.

मी म्हणलं, "माय, हे काय करून राहिली? मी तुझं लेकरू आहे."

ती म्हणाली, "लेकीच्या घरी आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हातानं लावून देऊ नये."

भागवत